बागेतला फोन बागेतच उभा राहिला पाहिजे

आमची कंपनी रावेर, यावल, चोपडा आणि पलीकडे शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातून केळी घेते, पॅकहाउसमध्ये धुऊन-निवडून खोक्यांत भरते आणि कंटेनरने परदेशी पाठवते. बाग कुणाची, गट नंबर काय, लागण मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) की कांदेबागेची (पावसाळ्याच्या शेवटाची), केळी कधी निसवली (घड कधी बाहेर आला), कोणती फवारणी झाली, माल कापणीला कधी येईल, हे सगळं पूर्वी वह्यांमध्ये असायचं. वह्यांच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे. तिकडच्या खरेदीदाराने खोक्यावरचा कोड सांगून "हा माल कोणत्या बागेतला?" असं विचारलं की जळगावच्या ऑफिसात फोटो चाळण्यात अख्खी दुपार जायची. शेवटी फिल्डवरच्या प्रत्येकाला कंपनीचा फोन आणि प्रत्येक पॅकहाउसमध्ये टॅब्लेट द्यायचं ठरलं. दोनशेहून जास्त नग. आयटीत आम्ही दोघं, मी आणि माझा एक सहकारी. उभारणी आणि नंतरची निगा दोन्ही आमच्याच गळ्यात.

पहिल्या बैठकीपासून मी एक गोष्ट लावून धरली. फोन हरवला, फुटला, रीसेट झाला, तर फिल्डवरच्या माणसाला तो घेऊन जळगावला यायला लागता कामा नये. अक्कलकुव्याकडून जळगाव म्हणजे अख्खा दिवस. पर्यायी फोन हातात पडला की त्याने बागेच्या बांधावर उभं राहून, फार तर एक फोन करून, तो स्वतः चालू केला पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय आम्ही याच कसोटीवर घासून घेतला. खरेदी करताना पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हेही त्यावरूनच ठरलं.

हे सगळे फोन ऑफिसातून सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअर बघायला सुरुवात केली तेव्हा एका विक्रेत्याने जे दाखवलं ते स्वस्त होतं, पण ते फोनमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन'ची परवानगी घेऊन चालत होतं. ही जुनी पद्धत. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून त्यातल्या पासवर्ड, कॅमेरा वगैरेंवरच्या महत्त्वाच्या अटी गुगलने बंद केल्या. आज ज्याला अँड्रॉइड एंटरप्राइझ म्हणतात ती पद्धत २०१५ पासून आहे, आणि नवीन काही उभारायचं तर तीच घ्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात फोन कंपनीच्या ताब्यात द्यायचा तर तो कोरा असावा लागतो, म्हणजे खोक्यातून नुकताच काढलेला किंवा फॅक्टरी रीसेट केलेला. आधी गुगल खातं टाकून वापरायला घेतलेल्या फोनवर मागाहून पूर्ण ताबा घेता येत नाही. हे खरेदी विभागाला पटवायला वेळ लागला, कारण त्यांना फिल्डवरच्या मुलांचे आत्ताचे फोन तसेच 'जोडून' हवे होते.

फोन कोणाकडून घ्यायचे यावर बराच खल झाला. जळगावातल्या ओळखीच्या दुकानात भाव चांगला होता. पण झीरो-टच नावाची सोय फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या फोनांना मिळते. तो विक्रेता फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आपल्या कंपनीच्या झीरो-टच खात्यात चढवतो, आपल्याला तो स्वतः चढवता येत नाही. मग फोन पहिल्यांदा चालू होऊन इंटरनेटला लागला की तो गुगलला विचारतो, मी कोणाचा? उत्तर आलं की कंपनीचं सॉफ्टवेअर आपोआप ओढून घेतो. उद्या कोणी रीसेट मारला तरी पुन्हा तेच होतं. आमच्या कसोटीला नेमकं हेच हवं होतं, म्हणून भाव थोडा चढा असूनही बहुतेक फोन तिथूनच घेतले. पॅकहाउसचे टॅब्लेट मात्र स्थानिक दुकानातून घेतले आणि क्यूआर कोडने लावले. स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की कॅमेरा उघडतो. आपला कोड दाखवायचा, पुढचं तो बघतो.

त्या क्यूआर कोडात वायफायचं नाव आणि पासवर्डही घालता येतो. सोयीचं आहे, पण कोड छापलेला कागद भिंतीवर लावला तर पासवर्ड भिंतीवर लावल्यासारखंच. म्हणून आम्ही नोंदणीसाठी वेगळं वायफाय केलं, ज्यावरून ऑफिसच्या कुठल्याही मशीनपर्यंत पोचता येत नाही, आणि कोडातल्या टोकनला, म्हणजे नोंदणीच्या परवलीला, मुदत घातली. मुदत संपली की नवा कागद.

सगळे नग लावायच्या आधी थोड्याच फोनांवर चाचणी घ्यायची होती, आणि त्यासाठी मी रावेर मुद्दाम मागून घेतला. मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या बागांमध्ये फोन बुऱ्हाणपूरकडचा टॉवर पकडतो. टेलिकॉमच्या हिशेबात ते दुसरं सर्कल. काही मॉडेल त्याला रोमिंग समजतात, आणि डेटा रोमिंग बंद असलं की माणूस महाराष्ट्राच्याच शेतात उभा असतो पण इंटरनेट गायब. चाचणीत हे लगेच दिसलं आणि पॉलिसीतच, म्हणजे ऑफिसातून सगळ्या फोनांना लावलेल्या नियमांतच, रोमिंग चालू करून टाकलं. ऑफिसात बसून चाचणी घेतली असती तर ही गोष्ट कधीच समोर आली नसती. तिथेच आणखी एक कळलं. गोदामात बरेच दिवस पडून बॅटरी पूर्ण उतरलेला फोन चालू केला की कधी कधी जुनीच तारीख दाखवतो. तारीख चुकीची म्हणजे सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि नोंदणी अडते. पडद्यावर जो संदेश येतो त्यात तारखेचा उल्लेखही नसतो. तेव्हापासून आमच्या सूचनेच्या कागदावर पहिली ओळ आहे: फोन चार्ज करा, तारीख बघा.

मग मोठी उभारणी. एका वायफायवर सगळे फोन एकदम लावले की प्रत्येक जण तीच ॲप खाली ओढायला लागतो आणि कोणाचंच पूर्ण होत नाही. म्हणून पंगती बसवतात तसं केलं. एक पंगत उठली की दुसरी. प्रत्येक खोक्यावरचा आयएमईआय, सिमचा नंबर, ज्याला फोन जाणार त्याचं नाव आणि तालुका अशी नोंद आधी तयार ठेवली. दोन सिमच्या फोनला आयएमईआय दोन असतात. दोन्ही लिहावेत, कारण पुढे पोलिसांत गेलं की कोणता विचारतील सांगता येत नाही. फोनच्या पाठीवर चिकटवलेले स्टिकर घाम आणि उन्हाने लवकर निघून जातात, म्हणून लॉक पडद्यावरच कंपनीचं नाव, फोनचा क्रमांक आणि 'सापडल्यास संपर्क' असा नंबर पॉलिसीतून टाकला. हा मजकूर वापरणाऱ्याला बदलता येत नाही. सिम दोन कंपन्यांची घेतली. जे रावेरला चालतं ते तळोद्याला चालेलच असं नाही, तेव्हा सिम कोणतं द्यायचं हे ज्या त्या गावच्या माणसाला विचारून ठरवलं.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे तो. फोन वाटण्याआधी आम्ही फैजपूर, शिरपूर आणि शहाद्याला फिल्डवरच्या मंडळींच्या बैठका घेतल्या. शहाद्याच्या बैठकीत एक जुने फिल्ड ऑफिसर, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, उठले आणि थेट विचारलं, "ताई, आमना घरना फोटू कंपनीले दिसतीन का?" सगळ्यांच्या मनातलं त्यांनी बोलून टाकलं. मी उत्तर तोंडी दिलं नाही. प्रोजेक्टरवर कन्सोल, म्हणजे सगळे फोन सांभाळण्याचं आमचं पान, उघडला आणि चाचणीच्या एका फोनचं पान दाखवलं. आम्ही हे फोन कंपनीच्या मालकीचे पण वर्क प्रोफाइलसह लावले होते. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस. त्या कप्प्यातलं मला दिसतं. बाहेरच्या कप्प्यातले फोटो, मेसेज, कॉल मला दिसत नाहीत. फोन पूर्ण पुसण्याचा अधिकार कंपनीकडे आहे, तोही मी दाखवला, कारण अर्धं सांगून विश्वास बसत नाही. लोकेशन फक्त कामाच्या ॲपमध्ये बागेची नोंद करताना घेतलं जातं. सुटीच्या दिवशी कामाचा कप्पा बंद करायचं बटण कुठे आहे, तेही सगळ्यांकडून दाबून घेतलं. आप्पांनी दोनदा दाबून बघितलं.

व्यवस्थापनातून मागणी होती की दिवसभराचं लोकेशन घ्यावं. मी विरोध केला, लेखी. देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती ठेवायची हा त्याचा गाभा आहे. पण कायदा नसता तरी मी तेच म्हटलं असतं. ज्याला आपल्यावर पाळत आहे असं वाटतं तो फोन घरी ठेवून बागेत जातो आणि संध्याकाळी अंदाजाने आकडे भरतो. मग तो डेटा काय कामाचा? माझं म्हणणं मान्य झालं आणि ते आजही टिकून आहे.

फोनची भाषा मराठी ठेवायची की इंग्रजी, हा प्रश्न वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मदतीचा फोन आला की समोरच्याच्या पडद्यावर काय लिहिलंय ते आम्हाला माहीत असायला हवं. म्हणून सगळे फोन मराठीत, सूचनेचा कागद मराठीत आणि आमच्या टेबलावरचा नमुन्याचा फोनही मराठीत. शिरपूरच्या एका मुलाने स्वतःहून फोन नव्याने लावण्याचा छोटा व्हिडिओ अहिराणीत केला. आमच्या छापील कागदापेक्षा तो जास्त चालतो, आणि नवीन माणसाला आम्ही आता आधी तोच पाठवतो.

नेटवर्कची गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याला लागली की वेगळीच होते. तिथे ॲपने नेट नाही असं गृहीत धरूनच चाललं पाहिजे. नोंद फोनमध्ये साठवायची, नेट मिळेल तेव्हा वर पाठवायची. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नेट नसलं की पहिली जागा सापडायला बराच वेळ लागतो. केळीच्या दाट पानांखाली तर आणखी. त्यामुळे मुलांना सांगितलं की बांधावर, उघड्या आभाळाखाली आधी ॲप उघडा, मग आत शिरा. आमच्याकडून पाठवलेली आज्ञाही फोन ऑनलाइन आल्यावरच पोचते. तळोद्याकडचे काही जण आठवड्याच्या बाजाराला गावात आले की त्यांचे फोन कन्सोलवर हिरवे दिसतात. पुढच्या काही मिनिटांत सगळं साचलेलं वर जातं आणि आमचं साचलेलं खाली येतं. हे कळल्यावर त्या भागासाठीचे बदल मी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तयार ठेवायला लागले.

वर पाठवणं अडण्याचं आणखी एक कारण फोनमध्येच असतं. अँड्रॉइड ६ पासून पडून असलेल्या फोनमधली ॲप झोपवली जातात, आणि काही उत्पादक त्यापुढे जाऊन मागे चालणारी ॲप सरळ मारून टाकतात. कामाच्या ॲपला या बॅटरी वाचवण्याच्या सोयीतून (बॅटरी ऑप्टिमायझेशन) सूट दिल्याशिवाय खिशातल्या फोनवरून काहीही वेळेवर येत नाही. प्रत्येक मॉडेलवर हे तपासूनच ते मॉडेल पास करायचं.

पॅकहाउसचं जग निराळं. तिथे केळी तुरटीच्या पाण्यात धुतात, निवडणाऱ्या बायकांचे हात सतत ओले. ओल्या बोटांनी टच नीट चालत नाही, आणि केळीचा चीक पडद्यावर वाळला की काळा डाग बसतो. सुरुवातीला टॅब्लेट टेबलावर होते. मी तिथे दिवसभर उभी राहिले तेव्हा दिसलं की वजन टाकायला प्रत्येक जण आधी हात साडीला किंवा ॲप्रनला पुसते आणि रांग थांबते. मग टॅब्लेट खांबाला उंचीवर लावले, पडद्याला जाड काच चिकटवली, शेजारी दोरीने स्टायलस बांधला आणि ॲपमधली बटणं दुप्पट मोठी करून घेतली. शीतगृहात केळी साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवतात. तिथून टॅब्लेट बाहेरच्या उन्हाळी हवेत आणला की काचेवर आणि चार्जिंगच्या तोंडात दव धरतं. म्हणून शीतगृहाचा टॅब्लेट आत-बाहेर न्यायचा नाही असा नियम केला.

हे टॅब्लेट किऑस्क पद्धतीने लावले आहेत, म्हणजे चालू केला की एकच ॲप, बाहेर पडायची वाट नाही. यातली एक खोच सांगायलाच हवी, कारण ती कुठल्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मी वाचली नाही. प्ले स्टोअर ॲप आपोआप अपडेट करतं ते साधारण वायफाय असताना, चार्जिंगला असताना, फोन वापरात नसताना, आणि मुख्य म्हणजे ते ॲप पडद्यावर उघडं नसताना. किऑस्कचं ॲप तर कायम उघडंच. मग ते कधी अपडेट होणार? तसंच जुनं राहतं. त्यासाठी त्या ॲपला पॉलिसीत 'उच्च प्राधान्य' द्यावं लागतं. मग नवीन आवृत्ती आली की ती लगेच बसते, पण त्यासाठी ॲप बंद होतं, काम चालू असलं तरी. त्यामुळे नवीन आवृत्ती आम्ही दुपारच्या जेवणाच्या सुटीत किंवा रात्री सोडतो, आणि सगळीकडे एकदम कधीच नाही. आधी एका पॅकहाउसला, दोन दिवस बघून बाकीच्यांना. २०२१ च्या मार्चमध्ये ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या घटकाच्या एका अपडेटने जगभर ॲप धडाधड बंद पडत होती. इतक्या मोठ्या यंत्रणेतून असं सुटू शकतं तर आमच्या छोट्या ॲपमधून का नाही?

फोनच्या सिस्टम अपडेटला रात्रीची वेळ बांधून दिली आहे. निर्यातीचा जोर असतो तेव्हा अपडेट पूर्ण गोठवायची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे, एका वेळी ९० दिवसांपर्यंत, आणि दोन गोठवणींमध्ये किमान ६० दिवसांचं अंतर लागतं. पण त्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. म्हणून पूर्ण ९० दिवस मी कधी वापरत नाही, गरजेपुरते आठवडे घेते.

आणि ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो हे इथल्याला सांगायला नको. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. मोटरसायकलच्या हँडलला लावलेला फोन, त्यावर थेट ऊन, खाली गाडीवरच चार्जिंग चालू, आणि पडद्यावर नकाशा. असा फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग कॅमेरा उघडायला नकार देतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. पण हे रोज झालं तर बॅटरी वर्षभरात बसते. उन्हाळ्यात आम्ही हँडलचे स्टँड काढून घेतले, फोन सावलीच्या बाजूच्या पिशवीत, चार्जिंग सकाळी निघण्याआधी आणि रात्री. कायम चार्जरवर असणाऱ्या टॅब्लेटची बॅटरी फुगते, पाठीचं झाकण उचलायला लागतं. जिथे सेटिंग आहे तिथे चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवलं, जिथे नाही तिथे प्लगला टायमर. फुगलेला नग दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही, लगेच बंद करून वेगळा ठेवायचा. ही सूचना लाल अक्षरांत लावली आहे.

फोन हरवतो. यात्रेत, बाजारात, एसटीत, कधी पाटाच्या पाण्यात. हरवल्याचा फोन आला की आम्ही लॉक आणि पुसण्याची आज्ञा पाठवतो, पण चोराने सिम काढलं की ती आज्ञा वाटेतच राहते. म्हणून ठरावीक वेळा पासवर्ड चुकला की फोनने स्वतःच पुसून घ्यायचं, हे आधीच पॉलिसीत हवं. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जोडली की आयएमईआय देशभर ब्लॉक करता येतो. २०२३ पासून ही सोय सगळीकडे आहे. आमच्या नोंदवहीत दोन्ही आयएमईआय आणि बिल तयार असल्याने हे काम आता चहा पिऊन होईपर्यंत उरकतं. रीसेट मारून कोणी फोन विकायचा प्रयत्न केला तर तो कंपनीचं खातं मागतो. ते खातं कुणा एकाच्या नावावर नाही, विभागाच्या नावावर आहे. माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याच्याच खात्याला फोन अडकला, असं व्हायला नको.

परत आलेले फोन कन्सोलवरूनच पुसायचे, मग नोंद बदलायची, मग कपाटात. विकायचा किंवा भंगारात काढायचा असेल तर झीरो-टचच्या खात्यातूनही काढायचा, नाहीतर पुढच्या मालकाच्या हातातही तो आमचंच सॉफ्टवेअर मागत राहील. फुगलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे, पावतीसह.

दर महिन्याला आम्ही कपाटातला एक फोन रीसेट करून नुकत्याच लागलेल्या कुणाकडे तरी पाठवतो, सोबत फक्त तो कागद. मागच्या वेळी चोपड्याच्या मुलीकडे गेला होता. तिचा फोन आला तो मदतीसाठी नव्हता. कागदावरच्या तिसऱ्या पायरीचा पडदा नव्या अँड्रॉइडमध्ये बदललाय आणि 'पुढे' चं बटण आता खाली उजवीकडे आहे, असं तिने सांगितलं. स्क्रीनशॉटही पाठवले. नवा कागद छापायला दिला आहे, शिरपूरच्या मुलालाही व्हिडिओ पुन्हा करायला सांगितलंय.